सह्याद्रीच्या सावलीतील द्राक्षवेल

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत सदर बाजार, रायपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माघ-फाल्गुनाच्या दिवसांत आपल्या या सदर बाजारातून संध्याकाळी जावे, तर सराफांच्या पेढ्यांपुढून जाणाऱ्या हातगाड्यांवर हिरव्या द्राक्षांचे ढीग दिसतात आणि ‘नासिक का अंगूर’ अशी हाक कानी पडते. फळ खरोखर नाशिकचे आहे की सांगलीचे, हे त्या विक्रेत्यासही बहुधा ठाऊक नसते. परंतु नाशिकचे नाव घेतल्यावाचून द्राक्ष विकले जात नाही, एवढे त्याला पक्के ठाऊक असते. मुंबई-हावडा लोहमार्गावर नाशिक आणि रायपूर ही दोन्ही शहरे आहेत. नकाशावर पाहिले तर दोहोंचे अक्षांशही जवळजवळ सारखेच, नाशिक विसाव्या अंशावर आणि रायपूर एकविसाव्या. सूर्य दोघांच्या माथ्यावरून सारखाच जातो. मग द्राक्षाने घर केले ते तेथे, आणि येथे का नाही, हा प्रश्न मंडळाच्या एका बैठकीत निघाला व त्याचे उत्तर देण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही शेतीशास्त्राचे पदवीधर नव्हे, साधे बी.ए. आहोत. परंतु केंद्र सरकारच्या नोकरीने काही वर्षे आम्हांस निफाड-दिंडोरीच्या रस्त्यांवर हिंडविले, आणि तेथील बागाईतदारांची गाठ पडली की हवा, पाणी, जमीन यांवाचून दुसरा विषय निघत नसे. त्या शिदोरीवर आजचे हे बोलणे आहे.

द्राक्षवेलीच्या जगप्रसिद्ध खोऱ्यांचा विचार केला तर त्यांपैकी कित्येक समुद्राच्या शेजारी वसली आहेत. फ्रान्समधील बोर्दो हे गारोन नदीकाठचे शहर. अटलांटिक महासागर जवळ असल्याने तेथील हिवाळा फार कडक होत नाही. किनाऱ्यालगतचे पाइन वृक्षांचे विस्तीर्ण वन खारे वारे अडविते. आणि नदीने आणून टाकलेल्या गोट्यांच्या जमिनीतून पाणी झरझर निघून जाते. शिवाय दिवसा तापलेले ते गोटे रात्री वेलीच्या पायाशी ऊब ठेवतात. कॅलिफोर्नियात तर याहून मौजेचा प्रकार आहे. तेथील बहुतेक डोंगर किनाऱ्याला समांतर असले तरी सांता मारिया आणि सांता इनेझ या खोऱ्यांजवळचे डोंगर पूर्व-पश्चिम आडवे पडले आहेत. त्यामुळे पॅसिफिकचे थंड धुके खोऱ्यात सरळ आत शिरते. किनाऱ्याजवळ थंडी मानवणाऱ्या जाती लावाव्यात, आणि जसजसे आत जावे तसतशी उष्णता वाढत जाते म्हणून तेथे उष्णता सोसणाऱ्या जाती लावाव्यात, असा तेथील शिरस्ता आहे.

आता आपल्याकडे पाहा. अरबी समुद्र गोदावरीच्या उगमापासून सुमारे ऐंशी किलोमीटरांवर आहे, म्हणजे एखाद्या सशक्त वाटसरूने तीन दिवसांत गाठावा एवढाच. परंतु मध्ये सह्याद्री उत्तर-दक्षिण भिंतीसारखा उभा आहे. ब्रह्मगिरीवर जन्मलेली गोदावरी त्या जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेस निघते ती सुमारे पंधराशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागरास मिळते. वाटेत आपल्या बस्तरची इंद्रावतीही तिला येऊन भेटते. कॅलिफोर्नियाच्या डोंगरांनी समुद्राला वाट करून दिली, तर सह्याद्रीने समुद्राला अडवून धरले. नाशिकच्या द्राक्षाचे सारे भाग्य या अडविण्यात आहे, असे आमचे मत आहे.

नैर्ऋत्य मोसमी वारे पावसाळ्यात या भिंतीवर येऊन धडकतात आणि आपले ओझे तेथेच उतरवितात. इगतपुरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो. तेथून जेमतेम पंचेचाळीस किलोमीटरांवरील नाशिक शहरात तो सातशेच्या आसपास उतरतो, आणि आणखी पूर्वेस निफाड-येवल्याकडे जावे तर त्याहूनही कमी. कॅलिफोर्नियाच्या खोऱ्यात आत जावे तसतशी उष्णता चढते. येथे आत जावे तसतसा पाऊस उतरतो. आगगाडीच्या खिडकीशी बसलेल्या प्रवाशासही हे दिसते. घाट चढताना भाताची खाचरे, धुके, ओथंबलेली झाडे. आणि तासाभरात काळी राने, कांदा, गहू आणि द्राक्षाचे मांडव.

पाऊस कमी एवढ्यानेच भागत नाही. तो केव्हा थांबतो हे अधिक महत्त्वाचे. ऑक्टोबरात मोसमी वारे परतले म्हणजे सुमारे सहाशे मीटर उंचीच्या या पठारावर आकाश निवळते आणि हवा कोरडी होते. दिवसा लख्ख ऊन, रात्री बोचरी थंडी, असे चार महिने मिळतात. निफाडजवळ कुंदेवाडीस गहू संशोधन केंद्र आहे. थंडीच्या कडाक्यात तेथील तापमापकाचा आकडा महाराष्ट्रभरच्या वृत्तपत्रांत छापून येतो. तो दोन-तीन अंशांपर्यंत खाली गेलेला आम्ही वाचला आहे. अशा रात्री बागाईतदार झोपत नाहीत. पिकत आलेला मणी थंडीने तडकतो, म्हणून बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवितात आणि पहाटे ठिबकचे पाणी सोडून जमिनीत ऊब राखण्याचा यत्न करतात.

येथवर निसर्गाचे काम झाले. परंतु केवळ एवढ्यावर नाशिकला द्राक्ष पिकले नसते, कारण वेलीचा मूळ स्वभाव निराळा आहे. थंड देशांत ती शरद ऋतूत पाने गाळून झोपी जाते, वसंतात जागी होते आणि उन्हाळा संपता संपता फळते. तिला एकच छाटणी पुरते. आपल्या उष्ण प्रदेशात तिला झोपच येत नाही. तिच्या मनाप्रमाणे सोडली तर ती बारा महिने पाने काढीत राहील आणि भर पावसाळ्यात फुलोऱ्यावर येऊन कुजेल. चौदाव्या शतकात आलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने दौलताबादेस द्राक्षे वर्षातून दोनदा येतात अशी नोंद केली आहे. वेलीला येथे झोप नसल्याचेच ते लक्षण होय.

यावर आपल्या शेतकऱ्याने जो उपाय काढला त्यापुढे आम्ही मान लववितो. तो वेलीला कात्रीने झोपवितो आणि कात्रीनेच उठवितो. एप्रिलमध्ये फळ उतरून झाले की खरड छाटणी होते. ओलांड्यावर एक-दोन डोळे ठेवून सगळी काडी काढून टाकतात. मग जी नवी काडी फुटते तिच्या डोळ्यांत एप्रिल, मे आणि जूनच्या कडक उन्हात पुढल्या वर्षीचा घड सूक्ष्म रूपाने तयार होतो. डोळ्यांस दिसत नाही असा तो घड पावसाळाभर काडीत दडून राहतो. पाऊस सरता सरता, म्हणजे साधारणतः ऑक्टोबरात, दुसरी छाटणी होते. तिला गोडीबहार छाटणी हे फार सुंदर नाव आहे. काडीचा शेंडा छाटला, डोळ्यांवर औषध चोळले, की आठ-दहा दिवसांत डोळे फुगतात, मग पोंगा, मग दोडा, मग फुलोरा, आणि सव्वाशे-दीडशे दिवसांनी, कोरड्या हवेत, फळ. वर्षात छाटण्या दोन, पीक एक. युरोपात उन्हाळ्यात होणारे काम येथे हिवाळ्यावर नेऊन ठेवले आहे. वेलीचे पंचांगच उलटे केले, म्हणा ना!

सटाण्याकडील काही धाडसी बागाईतदार तर जून-जुलैतच छाटणी घेऊन बाजारात सर्वांआधी माल नेतात. भाव चांगला मिळतो. पण पावसाच्या तोंडी फुलोरा आणण्याचा तो जुगार आहे, हे तेच हसत हसत सांगत.

आता जमिनीविषयी. छत्तीसगढच्या शेतकऱ्याने आपल्या मातीला फार नेमकी नावे दिली आहेत. लाल खडकाळ ती भाटा, पिवळसर ती मटासी, काळी चिकण ती कन्हार, आणि या दोहोंमधली ती डोरसा. ही नावे ज्यांना ठाऊक आहेत त्यांना नाशिकची जमीन समजाविणे सोपे आहे. तेथील सर्व माती एकाच काळ्या कातळाची, लाव्हारसाच्या थरांपासून झालेल्या बसाल्टची लेकरे आहे. डोंगराच्या उतारावर, गंगापूर धरणाच्या आसपास आणि दिंडोरीकडे, ती पातळ व मुरमाड असते. पाणी थांबत नाही. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाकडे, निफाड तालुक्यात, तीच माती वाहून येऊन खोल काळी होते, म्हणजे आपली कन्हारच.

द्राक्षवेलीला मुळाशी पाणी साचलेले मुळीच खपत नाही. पण काळ्या जमिनीचा याहूनही मोठा दोष असा की ती फार उदार आहे. वेल अशा जमिनीत माजते. पानेच पाने निघतात, काडी लांबते, मांडवाखाली अंधार होतो आणि डोळ्यांत घड धरत नाही. म्हणून बागाईतदाराला वेलीची रग जिरवावी लागते. पाणी तोडणे, शेंडे खुडणे हे त्याचे जुने उपाय. वाढ रोखणारी रसायने हा नवा उपाय. २०१० साली याच कारणाने मोठे संकट आले. क्लोरमेक्वाट नावाच्या वाढरोधकाचे अंश द्राक्षांत सापडले म्हणून युरोपात आपला माल अडला आणि बागाईतदारांना फार मोठी झळ पोहोचली. वृत्तपत्रांनी तो निर्यातीचा प्रश्न म्हणून मांडला. आमच्या मते त्याचे मूळ काळ्या मातीच्या उदारपणात होते; तो जिरविण्यासाठी वापरलेले औषध फळापर्यंत पोहोचले.

दुसरी अडचण क्षारांची व दुष्काळाची. त्यावर गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात डॉगरिज नावाचा खुंट सर्वत्र पसरला. हा अमेरिकेतील टेक्सासकडचा रानटी वेल. त्याचे मूळ जमिनीत लावावयाचे आणि त्यावर आपल्या थॉमसनचे वा ‘तास-ए-गणेश’चे कलम भरावयाचे. युरोपात एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा या मुळांचा रस शोषणाऱ्या किडीने बागाच्या बागा नष्ट केल्या, तेव्हाही अमेरिकी खुंटांनीच त्यांना तारले होते. आपल्याकडे ती कीड नव्हती, कारण निराळे होते. उपाय मात्र तोच निघाला. आणखी एक देणे बोर्दोचेच. १८८० नंतरच्या दशकात तेथे मिलार्दे या शास्त्रज्ञाने केवड्यावर मोरचूद व चुना यांचे मिश्रण उपयोगी पडते हे दाखवून दिले. आजही निफाडचा अशिक्षित मजूरसुद्धा ‘बोर्डो मारला का?’ असे सहज विचारतो. ते एका दूरच्या बंदराचे नाव आहे याची त्याला गरज नाही. थॉमसन हे नाव कॅलिफोर्नियाचे, वेलीचे मूळ इराण-तुर्कस्तानाकडचे, ‘तास-ए-गणेश’ ही तिची निवड तासगावच्या वसंतराव आर्वे यांची, आणि खुंट टेक्सासचा. भोसल्यांच्या काळापासून येथे आलेल्या आपल्या घराण्यांत मुळे मराठी आणि माती छत्तीसगढची. द्राक्षात माती मराठी आणि मुळे परदेशची. असो. तुलना फार ताणू नये.

वाइनचा विषय काढला की आपल्या मंडळींत थोडी चुळबूळ होते, ती आताही दिसते आहे. २०२२ च्या जानेवारीत महाराष्ट्र शासनाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय केला तेव्हाही गदारोळ झाला होता. आम्ही स्वतः त्या वाटेला जात नाही. तथापि जमीन आणि हवा यांची परीक्षा खाण्याच्या द्राक्षापेक्षा वाइनच्या द्राक्षात अधिक कडक होते, म्हणून तो भाग गाळणे बरे नव्हे. खाण्याचे द्राक्ष टपोरे, पातळ सालीचे व बिनबियांचे हवे. त्यासाठी घडातील मण्यांची विरळणी करतात, संजीवक देतात. वाइनचे द्राक्ष लहान, जाड सालीचे, बियांचे, आणि गोडीबरोबर आंबटपणा राखणारे लागते. येथेच उलट्या पंचांगाची किंमत मोजावी लागते. फ्रान्समध्ये फळ पिकत जाते तशी हवा थंड होत जाते. नाशिकला फळ पिकत जाते तसा उन्हाळा जवळ येत जातो. गोडी झपाट्याने वाढते आणि आम्लता तितक्याच झपाट्याने उतरते. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीच्या थंड रात्री हे या खोऱ्याचे खरे धन आहे, आणि तोडणी पहाटे उरकून माल थंड टाक्यांकडे न्यावा लागतो.

पुणे जिल्ह्यात नारायणगावी श्यामराव चौगुले यांनी १९८० नंतरच्या दशकात हा उद्योग मोठ्या प्रमाणावर उभारला. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या बाजूस राजीव सामंत यांनी १९९७ च्या सुमारास शेनिन ब्लांक व सॉव्हिन्यॉन ब्लांक या जाती लावल्या आणि २००० साली ‘सुला’ची पहिली वाइन बाजारात आली. २००१ मध्ये शासनाने या उद्योगासाठी स्वतंत्र धोरण आखले. विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क काढण्यात आले. मग जो तो वाइनची द्राक्षे लावू लागला. २००८-०९ च्या मंदीत मागणी बसली, कित्येक कारखान्यांनी माल उचलला नाही, आणि खाण्याच्या द्राक्षासारखे हे फळ हातगाडीवर विकताही येत नाही. तेव्हा अनेकांनी बहरलेल्या वेली उपटून टाकल्या. पुढे ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक उपदर्शनाचा दर्जा मिळाला. म्हणजे हे फळ याच हवेचे व याच मातीचे, असे कायद्याने मान्य झाले.

परंतु ज्या हवेवर ही मान्यता उभी आहे ती हवा आता करार पाळीत नाही, आणि आम्हांस आज मुख्यत्वे हेच सांगावयाचे होते. दोन छाटण्यांची सारी युक्ती दोन गोष्टींवर अवलंबून आहे: एप्रिल ते जूनपर्यंतचे स्वच्छ ऊन आणि ऑक्टोबरनंतरची कोरडी हवा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ऐन तोडणीत गारपीट झाली. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर अवकाळी पाऊस व गारांनी निफाड भागातील बागा झोडपल्या. गारेचा मार लागलेला मणी कुजतो, आणि एका मण्याची कूज सबंध घडास लागते. फुलोऱ्यात पाऊस आला तर केवडा एका रात्रीत पसरतो; आठवड्याला एखादी फवारणी पुरे होई तेथे दिवसाआड पंप काढावा लागतो. २०२५ साली मे महिन्यातच पाऊस सुरू झाला आणि मोसमी वारे २६ मे रोजी मुंबईस पोहोचले, इतक्या लवकर पूर्वी कधी नाही. आपण वृत्तपत्रांत त्याचे कौतुक वाचले असेल. ज्यांच्या काडीत त्याच दिवसांत घड धरावयाचा होता त्यांना तो पाऊस नव्हता, पुढल्या वर्षीच्या पिकाची ती चोरी होती. ऑक्टोबरात छाटणी झाल्यावर डोळे फुटले, पाने आली, आणि घड मोजण्यास गेलेले बागाईतदार रिकाम्या हाताने मांडवाबाहेर आले. काहींनी बागेवर कुऱ्हाड चालविली.

यावर प्लास्टिकचे आच्छादन हा एक उपाय पुढे आला आहे. त्याने पाऊस व गारा अडतात. पण त्याचा खर्च लहान शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचा आहे, आणि मे महिन्याचे झाकोळलेले आकाश त्याने उघडत नाही. पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तेथे नव्या जातींचे काम चालते. द्राक्षाची नवी जात सिद्ध होऊन शेतावर येण्यास मात्र वर्षे लागतात आणि बँकेचे हप्ते दरवर्षी येतात. एकटा बागाईतदारच नव्हे, छाटणीच्या दिवसांत पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांतून टोळ्या करून येणारे आदिवासी मजूरही या आकाशावर जगतात. बागच गेली तर त्यांच्या हाताला त्या चार महिन्यांचे काम राहत नाही. गारपिटीच्या पंचनाम्यात त्यांचे नाव येत नाही.

आता रायपूरचा प्रश्न राहिला. वेल येथे लावली तर जगणार नाही, असे नव्हे. अंगणात मांडवावर चढविलेली वेल आपल्यापैकी काहींच्या घरी असेल. परंतु आपणांस सह्याद्रीची सावली नाही. येथे बाराशे मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, उंची नाशिकच्या निम्मी, आणि ज्या वैशाखात डोळ्यांत घड धरावा त्या वैशाखात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो, तेव्हा वेल घड धरण्याऐवजी जीव धरून राहते. कन्हारात पाणी तुंबते. भाट्यात निचरा उत्तम, पण ओल व पोषण दोन्ही आणून द्यावी लागतात. ज्यांना हौस आहे त्यांनी भाट्याचा तुकडा निवडावा, खुंटावरचेच कलम आणावे, गोडीबहार छाटणी दसऱ्याच्या पुढे ढकलावी आणि पहिली दोन वर्षे फळाची अपेक्षा ठेवू नये. नाशिकच्या एका वृद्ध बागाईतदारांस आम्ही रायपूरची ही हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “तुमच्याकडे कार्तिकात आभाळ कसं असतं?” आम्ही म्हटले, “स्वच्छ असतं.” ते म्हणाले, “मग लावून बघा. आमच्याकडं आता त्याचाच भरवसा राहिला नाही.”